तळाशी भुंगे

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी बातमी सांगते: माझा पाय मोडलाय. घाबरू नकोस, आणि आईला "ही पडली कशी" म्हणून विचारायला जाऊ नकोस. तिनेच मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारलाय की आता दर वेळी नवं उत्तर द्यावंसं वाटतं. संस्थेच्या जिन्यावरून बादली घेऊन उतरत होते. बादलीत मासे होते. मासे वाचले.

दोन महिने प्लास्टर, मग कुबड्या. आणि नेमकं पुढच्या आठवड्यापासून मला तुझ्याकडे येऊन राहायचं होतं. माझा विषय तुला माहीत आहे: शिंगाळा काय खातो. तो मिशीवाला मासा, नदीच्या तळाशी चिखलात पडून असतो तो. त्याला दिसतं कमी, मिशांनी चाचपत जेवतो. पाणी उतरत जातं तसं त्याचं खाणं बदलतं का, ते बघायचंय. त्यासाठी बारा आठवडे, दर मंगळवारी, पाच मासे उघडायचे. मे अखेर तक्ता टेबलावर नसेल तर विषय लांब्याला देईन, असं सरांनी तोंडावर सांगितलंय. लांब्या म्हणजे माझ्या शेजारी बसतो तो उंच मुलगा. मी पडल्या दिवसापासून तो माझ्या खुर्चीची उंची स्वतःला जमेल अशी करून ठेवतोय.

तू नदीपासून चार मिनिटांवर राहतोस. तुझ्याकडे भिंग आहे आणि बारीक बघायची जन्माची सवय आहे. करशील का? धक्क्यावरून मासे घ्यायचे, लांबी मोजायची, पोट उघडायचं, आत काय आहे ते तक्त्यात लिहायचं आणि जे निघेल ते द्रावणाच्या बाटलीत घालून ठेवायचं. बाटल्यांचं खोकं आणि छापील तक्ते आजच वेगळे पाठवतेय; भरलेल्या बाटल्या मी मागाहून येऊन नेईन. तक्ते मात्र पोस्टाने पाठवत जा.

फोन करत नाही, कारण तुला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू रचतोस.

तुझी
भिंगरी (सध्या एका पायावर)

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

पाय मोडल्याचं वाचून वाईट वाटलं. पत्रात तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. लाल शाईने दाखवून पत्र सोबत परत पाठवत आहे. पडून आहेस तर नजर टाक.

खोकं काल मिळालं. साठ बाटल्या, सगळ्या शाबूत. द्रावणाचा वास मात्र असा आहे की शेजारच्या शिंपीणबाईंनी दार वाजवून घरात कुणी वारलं का असं विचारलं. मी शास्त्रीय काम आहे म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

तुमच्या संस्थेचा छापील तक्ताही वाचला. 'शिंगाळ्याचे संभाव्य खाद्य' या मथळ्याखाली यादी आहे: अळ्या, गांडुळे, गोगलगायी, भुंगे, शेवाळ, चिखल. 'गांडुळे'वरचा अनुस्वार पुसट उठला आहे आणि 'चिखल'पुढे पूर्णविराम नाही. बाकी निर्दोष. छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे निर्दोष म्हणायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

काम करीन. या हातांनी आजवर कागदाखेरीज काही कापलेलं नाही, पण त्यात न जमण्यासारखं काय आहे? निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मंगळवार मला मोकळाच असतो. तसे बाकीचेही असतात.

तुझा
मामा

४ मार्च

चि. भिंगरीस,

पहिला मंगळवार पार पडला.

धक्क्यावर मासे विकणाऱ्या एक बाई आहेत. फळीमागे उभ्या, हातात सुरा, आवाज असा की पलीकडच्या काठावरचं गिऱ्हाईक वळून बघतं. त्यांच्या पाटीवर खडूने 'ताझे मासे' लिहिलेलं होतं. मी तो झ पुसून ज केला. त्या म्हणाल्या, "मास्तर, घ्यायचंय काही की शाळाच भरवायचीय?" तेव्हापासून मी मास्तर. मी शिक्षक नाही असं दोनदा सांगून पाहिलं.

त्यांना तुझं काम समजावून सांगितलं. त्या हसल्या. बराच वेळ हसल्या. मग फळीची एक बाजू मोकळी करून दिली आणि सुरा हातात दिला. कामाला अपेक्षेपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मधे काही काळ मला बसावं लागलं, कारण धक्क्यावर ऊन होतं. बाटल्यांचं खोकं बाईंच्याच फळीखाली ठेवलं आहे, वासामुळे.

तक्ता सोबत आहे. पाच मासे, पाच ओळी, खाडाखोड नाही.

तुझा
मामा

२० मार्च

मामा,

तुझे तिन्ही तक्ते आले. अरे, काय अक्षर आहे. सरांनी ते भिंतीवर लावलेत आणि लांब्याला बोलावून म्हणाले, "तक्ता असा असतो." लांब्याने माझी खुर्ची परत खाली केली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तुझ्या पंधरापैकी नऊ माशांच्या पोटात भुंगे आहेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, उन्हाने मामाला काहीतरी झालं. सरांना दाखवलं. ते चष्मा काढून, पुसून, परत घालून म्हणाले, "नदीच्या तळाशी भुंगे." मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. शिंगाळ्याने भुंगे खाल्ल्याचं आजवर कुणी लिहिलेलं नाही, मामा. कुणीच नाही. सर गेली बावीस वर्षं असं काहीतरी सापडायची वाट बघतायत.

फक्त एक सांग. जो मासा चिखलातून डोकं वर काढत नाही, त्याला भुंगे मिळतात कुठून? सरांना हे कळायलाच हवंय.

आई विचारत होती, तू दर पत्रात त्या बाईंबद्दल इतकं का लिहितोस. मी म्हटलं, शास्त्रीय काम आहे.

भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस,

प्रश्न रास्त आहे. मी त्यावर दोन दिवस विचार केला.

धक्क्याच्या वरच्या अंगाला पाण्यावर एक मोठं झाड ओणवलं आहे. त्याला सध्या जांभळी फुलं आली आहेत. माझं निरीक्षण असं की भुंगे त्या फुलांत शिरतात, मध पिऊन सुस्तावतात आणि तोल जाऊन पाण्यात पडतात. भुंगा अंगाने जड. भिजला की आणखी जड. तो सरळ तळाशी जातो. तिथे शिंगाळा मिशा पसरून बसलेलाच आहे. मिशीला केसाळ काहीतरी लागतं, तो गिळतो. यात मला तरी काही अवघड दिसत नाही.

सरांना हे निरीक्षण योग्य वाटल्यास लेखात घ्यावं. माझं नाव दिलं नाही तरी चालेल. दिल्यास आडनावातला अनुस्वार गाळू नये. निरोपसमारंभाच्या मानपत्रात गाळला होता.

चौथा तक्ता सोबत. या वेळी भुंगे सात.

बाईंबद्दल लिहितो कारण धक्क्यावर त्याच असतात. ताईला तसं सांग.

तुझा
मामा

९ एप्रिल

मामा,

काल सर संस्थेच्या समितीपुढे भुंग्यांवर अर्धा तास बोलले. फळ्यावर झाड काढलं. झाडाखाली नदी, नदीत मिशीवाला मासा, आणि वरून खाली येणारी ठिपक्यांची रेघ. टाळ्या पडल्या. जूनमधल्या मोठ्या सभेत मी यावर बोलायचं असं ठरलं.

आज सकाळी भाषणाचे मुद्दे काढायला बसले. तुझे पाच तक्ते पुढ्यात घेतले, आणि माझ्या लक्षात आलं की पंचवीस माशांत एकही झिंगा नाही. झिंगा, म्हणजे नदीतली बारीक कोळंबी, शिंगाळ्याच्या पोटात नाही, हे कसं शक्य आहे? मग आम्ही तुला पाठवलेला छापील तक्ता काढला आणि ती यादी वाचली. मी हाताने लिहिलं होतं 'झिंगे'. माझा झ टंकलेखकाला भ वाटला, वेलांटी उकारासारखी दिसली आणि त्याने आपल्या अंदाजाने 'भुंगे' करून टाकलं. मी तपासलं नाही, ती माझी चूक.

पण मामा, छापायला चुकलेले भुंगे माशाच्या पोटात कसे गेले?

तू मासे उघडलेच नाहीस ना? यादी समोर ठेवलीस आणि आकडे भरलेस. मला दुसरं काही सुचत नाहीये. तुला सुचलं तर कळव. झाडाबद्दल मात्र काही लिहू नकोस.

सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगताना काय होईल तेही माहीत नाही. सहा मंगळवार गेले, आणि माझ्याकडे एकही मासा नाही.

भिंगरी

२५ एप्रिल

पोरी,

तुझा पत्ता खोक्यावर होता म्हणून लिहिते. मी धक्क्यावर मासे विकते. मास्तर दोन मंगळवार झाले आले नाहीत. बरे आहेत का? त्यांच्या घरी जाऊन दार वाजवलं, तर शेजारची शिंपीण म्हणाली, आत आहेत पण उघडत नाहीत.

माझी अडचण वेगळीच आहे. तुझं खोकं भरत आलंय आणि माझ्या पायात येतंय. चाळीस बाटल्या झाल्या. ते आले नाहीत त्या दोन्ही मंगळवारी मी माझ्या मनानेच पाच-पाच काढून ठेवले, खाडा नको म्हणून. पण आता कुणीतरी येऊन घेऊन जा.

पहिल्या दिवशी मास्तरांनी पहिल्या माशाला सुरा लावला आणि जे आडवे झाले ते थेट माझ्या टोपलीत. तोंडावर पाणी मारलं, बसवलं. म्हणाले, "बाई, आता तुम्हीच बघा काय ते." तेव्हापासून मीच बघते. दर मंगळवारी ते येतात, पाच मासे निवडतात, फळीवर ठेवतात आणि नदीकडे पाठ करून जे निघतात ते मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. मग मी पोटं काढून बाटलीत भरते. मला वाटलं असंच ठरलंय.

लांबी मोजायला माझ्याकडे काही नाही. चिठ्ठीवर वीतभर, नाहीतर टीचभर, म्हणजे अंगठ्यापासून पहिल्या बोटापर्यंत, असं लिहून आत टाकलंय. शिसपेन्सिलीने लिहिलंय, त्या पाण्यात पुसत नाही. बाकी पोटात काय असतं ते मला विचारशील तर झिंगे, अळ्या आणि गोगलगायींच्या शंखाच्या तोंडावरची बारीक झाकणं. नुसती झाकणं. शिंगाळा शंख खात नाही, आतली गोगलगाय ओढून काढतो. हे धक्क्यावर सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही लोक काय शोधताय ते मला कळलं नाही.

पाय कसा आहे?

मासेवाली

२९ एप्रिल

मामा,

दार उघड. मंगळवारी धक्क्यावर जा आणि बाईंना विचार, फळीखाली काय आहे. विचारून झालं की मला लिही. खरं लिही, चुका राहिल्या तरी चालतील.

मी अजून रागावलेली आहे. पण आजचा राग नवव्या तारखेच्या मानाने निम्माच आहे.

भिंगरी

६ मे

चि. भिंगरीस,

काल गेलो. बाईंनी मला बघितलं आणि खोकं ओढून बाहेर काढलं. एकेक बाटली उचलून उजेडात धरली. प्रत्येकीत चिठ्ठी. "मंगळवार, दुसरा, वीतभर." "मंगळवार, चौथा, वीत आणि दोन बोटं." 'बोटं'वर अनुस्वार व्यवस्थित होता.

मी त्यांना म्हणालो, "मी तुम्हाला टाकून द्या म्हणालो होतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा म्हणालात." मी म्हणालो, "म्हणजे टाकून द्या." त्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, मग टाकून द्या म्हणायचं."

तुला उत्तर द्यायचं आहे. पहिला मासा मी उघडला. आत काहीतरी हललं, निदान मला तसं दिसलं, आणि मी पडलो. घरी आल्यावर ठरवलं होतं की तुला हे जमणार नाही म्हणून कळवायचं. कागद घेतला. मग तक्त्याच्या त्या कोऱ्या चौकटी दिसल्या. निवृत्त झाल्यापासून, भिंगरे, मला कुणी काही तपासायला दिलेलं नव्हतं. भाजीवाल्याच्या पावत्या तपासतो मी. पहिल्यांदा कुणीतरी मागितलं होतं आणि मी नाही म्हणणार होतो. ते लिहवेना. म्हणून तक्ता भरला. पहिल्याला अर्धी रात्र गेली. दुसऱ्याला दहा मिनिटं. चौथा भरला तेव्हा तर मला ते झाड खरंच दिसायला लागलं होतं. झाड आहे, पण फुलं पांढरी आहेत आणि त्यावर मी एकही भुंगा पाहिलेला नाही.

आणि ती चूक. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या आणि भुंग्यांची पकडली नाही एवढंच नाही, तर खाली पूर्णविराम नाही म्हणून तुला कळवलं. दोन मंगळवार दार बंद करून बसलो होतो ते यासाठी. तू माझ्यावर रागावलीस म्हणून कमी, यासाठी जास्त. हेही खरंच लिहितो आहे.

तुझ्या सरांना मी स्वतः पत्र लिहिलं आहे. ते याच पाकिटात आहे. आधी तू वाच, मग दे. तू माझ्यावर विसंबून राहिलीस, यापलीकडे तुझा दोष नाही असं त्यात लिहिलं आहे.

मामा

२४ मे

मामा,

दोन्ही पत्रं घेऊन, कुबड्यांवर, सरांकडे गेले. खोकंही नेलं होतं. बाईंनी मालाच्या गाडीने पाठवलं आणि ड्रायव्हरला अशी काही ताकीद दिली होती की तो बिचारा माझ्याकडून दोनदा सही घेऊन गेला. बाटल्या बारा मंगळवारांच्या, साठच्या साठ.

सरांनी तुझं पत्र उभ्याने वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे तुमचे मामा खोटं बोलले."

"हो, सर."

"आणि मी समितीपुढे झाड काढलं."

"हो, सर."

"त्या छापील तक्त्याखाली सही कुणाची आहे?"

त्यांनी खणातून तक्ता काढला, स्वतःचीच सही बघितली, तक्ता परत खणात ठेवला. मला वाटलं, आता लांब्याला हाक मारतात. पण म्हणाले, "बाटली उघडा."

रात्र पडेपर्यंत आम्ही अकरा बाटल्या बघितल्या. झिंगे आहेत. अळ्या आहेत. आणि झाकणं आहेत, मामा, बाई म्हणाल्या तशी नुसती झाकणं, शंखाचा एक तुकडाही नाही. पाणी उतरत गेलं तसे झिंगे कमी आणि झाकणं जास्त. माझा प्रश्न होता तोच. सर पुस्तक काढून म्हणाले, "इथे लिहिलंय की शंखासकट खातो." मग पुस्तक मिटून म्हणाले, "या बाई कोण?"

जूनच्या सभेत माझं भाषण होणार नाही. समितीकडे जाऊन सर भुंगे मागे घेऊन आले. परत आले तेव्हा दुपारचा डबा तसाच ठेवला. त्याचं मला वाईट वाटतं आणि तुलाही वाटायला हवं. पण विषय माझ्याकडेच राहिलाय आणि मुदत सप्टेंबरपर्यंत वाढलीय. पाणी वाढतानाही बघायचंय. म्हणजे मंगळवार चालू.

एक काम आहे. साठ माशांची लांबी 'वीतभर' आणि 'टीचभर' अशी आहे. सर म्हणतात, हरकत नाही, वीत एकाच हाताची आहे, तिचं सेंटिमीटरमध्ये माप मिळालं की झालं. बाईंची वीत मोजून कळव. टीच, चार बोटं, दोन बोटं, एक बोट, सगळं. तीन-तीनदा मोज आणि सरासरी काढ.

हे मी आईला सांगितलेलं नाही.

भिंगरी

२७ मे

चि. भिंगरीस,

काल मोजलं. पट्टी घेऊन गेलो आणि विनंती केली. बाई म्हणाल्या, "कशाला?" मी म्हणालो, "शास्त्रीय काम आहे." धक्क्यावर तेव्हा गिऱ्हाइकं होती. नावाड्यांपैकी दोघे हातातलं काम टाकून आले. बाईंनी हात धुतला, पुसला, फळीवर पसरला आणि म्हणाल्या, "मोजा." मी तिन्ही वेळा मोजलं. दुसऱ्या वेळी माझी पट्टी घसरली. तेव्हा नावाडी काय बोलले ते इथे लिहीत नाही. वीत साडेएकोणीस, टीच पंधरा. बोटांचे आकडे मागच्या बाजूला लिहिले आहेत. या तक्त्यात खाडाखोड आहे. ती मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

मग मी त्यांना म्हणालो की आजचे पाच मी उघडतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टोपली लांब सरकवली, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि सुरा दिला. "मिशीकडून नाही, खालून," म्हणाल्या. "आणि डोळे उघडे ठेवा, बोट जाईल." माझ्या हातावर हात ठेवून पहिला चिरा त्यांनीच दिला. पुढचं मी केलं. शेवटपर्यंत उभा होतो.

पोट रिकामं होतं. अळी नाही, झिंगा नाही, झाकण नाही, काहीसुद्धा नाही. भिंग लावून बघितलं, उलटं करून बघितलं. चौकट कोरी सोडवेना आणि त्यात काय लिहावं तेही कळेना. मी तसाच पेन घेऊन उभा राहिलो.

बाई गिऱ्हाइकाला मासा बांधून देत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "लिहा की मास्तर, उपाशी होता."

लिहिलं. मग दुसरा घेतला.

तुझा
मामा